रिकाम्या खोलीचं एक मिनिट

मार्च २००७ मधल्या दुसऱ्या बुधवारी, दुपारी एक वाजून चार मिनिटांनी, र्युसेल्सहाइममधल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत एक मिनिट शांतता रेकॉर्ड केली. खोली रिकामी होती. दार बंद होतं. त्या मिनिटात एक बाई गाते आहे.

या सदरात येतात तसे अनुभव मी पूर्वी नोकरीचा भाग म्हणून वाचायचे. पुण्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर अकरा वर्षं होते आणि रविवार पुरवणीकडे अशी पत्रं यायची. बहुतेकांत वेळ नसायची, नेमकं ठिकाण नसायचं, दुसरा साक्षीदार नसायचा. मी ती बाजूला ठेवायचे. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही 'विश्वास' हा शब्द मी वापरणार नाही. माझ्याकडे एक वही आहे, रेकॉर्डिंगच्या फाइली आहेत आणि रुग्णालयाची एक चिठ्ठी आहे. त्यांत जे आहे तेवढंच लिहिते.

माझे पती श्रीरंग र्युसेल्सहाइमच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. मुलगी सई तेव्हा पाच वर्षांची. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. फेब्रुवारीच्या शेवटी सासूबाई — आम्ही त्यांना माई म्हणतो — पुण्याहून आल्या. वय सदुसष्ट. दिवाळीपासून त्यांचा आवाज बसलेला होता. पुण्याच्या डॉक्टरांना स्वरयंत्रावर गाठ सापडली होती आणि एप्रिलमध्ये ऑपरेशन ठरलं होतं. स्वरयंत्र काढावं लागेल, त्यानंतर आवाज राहणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्याआधी नातीला भेटायचं म्हणून माई चार आठवड्यांसाठी आल्या होत्या.

येताना त्यांनी पर्समध्ये एक कागद आणला. चौघडी घातलेला, फुलस्केप. त्यावर एक ते बावीस आकडे आणि प्रत्येकापुढे दोन-तीन शब्द.

"या आईच्या ओव्या," त्या म्हणाल्या. "जात्यावरच्या. पहिले शब्द लिहिलेत, पुढचं सगळं डोक्यात आहे."

माईंचं माहेर भोरजवळचं. त्यांची आई पहाटे दळायची आणि माई मांडीवर झोपलेल्या असायच्या. माई चौदा वर्षांच्या असताना आई गेली.

"तिचा फोटो नाही गं माझ्याकडे. एक लुगडं होतं, तेही विरलं. हे एवढंच आहे," त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "माझ्याबरोबर नको जायला. सईला यातली एक तरी यावी."

बावीस ओव्या, सव्वातीन आठवडे आणि रोज थोडा थोडा जाणारा आवाज. हातात एवढंच होतं.

रेकॉर्डिंगचं मला काही कळत नव्हतं. मुलाखती घ्यायचे तो छोटा टेपरेकॉर्डर पुण्यातच राहिला होता. श्रीरंगने केदारला फोन लावून दिला. केदार त्याचा कॉलेजचा मित्र, म्युनिकजवळ गार्चिंगला एका संशोधन संस्थेत होता आणि हौसेने स्वतःचा तबला घरी रेकॉर्ड करायचा.

"वहिनी, बजेट?"

"दोनशे. फार तर अडीचशे युरो."

"आल्झो... मग आधी खोली दाखवा."

"फोनवर कशी दाखवू?"

"टाळी वाजवा."

मी मागच्या खोलीत जाऊन टाळी वाजवली.

"बाथरूममध्ये आहात का?"

"नाही हो. मागची खोली आहे. रिकामीच आहे, इस्त्रीचं टेबल तेवढं."

"गेनाऊ. म्हणून कंडेन्सर माइकचा विचार सोडा. दुकानदार तोच गळ्यात मारेल, दिसतोही भारी. पण त्याला सगळं ऐकू येतं — शेजाऱ्यांचा टीव्ही, फ्रीज, तुमच्या पोटातली गुरगुर. तुम्ही डायनॅमिक घ्या. तो जरा बहिरा असतो. तोंडासमोरचं तेवढं घेतो, बाकीचं सोडून देतो."

बहिरा माइक घ्या, हे त्याचे शब्द माझ्या वहीत आहेत.

पुढची यादीही त्याचीच. माइक नवा, मेल-ऑर्डरने, तीस दिवसांत परत करता येईल असा. लॅपटॉपला जोडायचा इंटरफेस — माइकचा आवाज कॉम्प्युटरच्या आकड्यांत बदलणारा डबा — जुना चालेल. तो डार्मस्टाटच्या एका विद्यार्थ्याकडून आणला, त्याने त्यावर गिटार वाजवली होती. हेडफोन कान पूर्ण झाकणारे, म्हणजे त्यातला आवाज परत माइकमध्ये जात नाही. स्टँड सगळ्यात स्वस्त. केबलवर मात्र पैसे वाचवायचे नाहीत. "फोमच्या लाद्या विकतात ना, त्यांना हात लावू नका. घरात रजया आहेत ना? कपडे वाळत घालायच्या स्टँडवर टाका, माईंच्या मागे उभ्या करा. झाला स्टुडिओ."

"आणि फ्रीज?"

"रेकॉर्डिंगच्या वेळी बंद करा. बंद केला की घराची किल्ली त्यात ठेवा."

"कशाला?"

"म्हणजे बाहेर जायच्या वेळी फ्रीज उघडाल आणि परत चालू कराल. माझं दोन किलो मटण गेलंय वहिनी, अनुभवाने सांगतोय."

सगळ्यात महत्त्वाची सूचना त्याने शेवटी दिली.

"ही फुकटातली आहे, पण विसरू नका. दर वेळी गाणं घ्यायच्या आधी रिकाम्या खोलीचं एक मिनिट रेकॉर्ड करायचं. आत कुणी नको. चालू करा, बाहेर या, दार लावा. मग सॉफ्टवेअरला ते मिनिट दाखवायचं — ही या खोलीची घाण, ही गाण्यातून वजा कर. गाणं स्वच्छ निघतं."

"एकदा घेतलं तर चालणार नाही?"

"नाही. खोली रोज वेगळी असते."

सामान मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलं. माइकसमोर फुंकर अडवायला जाळी लागते, ती विकत न घेता मी माईंच्या भरतकामाच्या रिंगवर माझा जुना स्टॉकिंग ताणून बसवला.

"एवढा खर्च करून शेवटी माझ्या बायकोचा मोजा," श्रीरंग म्हणाला.

"आणि त्यात तोंड घालून मी गायचं होय?" माईंनी रिंग हातात घेऊन उलटसुलट केली. "धुतलाय ना गं?"

रेकॉर्डिंगची वेळ ठरली दुपारी एक ते तीन. आमच्या इमारतीच्या नियमावलीत ती मिटाग्सरूह, दुपारच्या शांततेची वेळ होती. कुणी ड्रिल लावत नाही, कुणी गालिचे झटकत नाही. खालच्या मजल्यावर फ्राउ लोरेंट्स एकट्या राहायच्या आणि एकला बरोबर टीव्ही बंद करायच्या. सई दोनपर्यंत किंडरगार्टनमध्ये असायची.

पहिला दिवस मंगळवार. मी एक वाजून चार मिनिटांनी रेकॉर्डिंग चालू केलं, बाहेर आले, दार लावलं. माई स्वयंपाकघरात गरम पाण्याचा कप धरून बसल्या होत्या.

"चल," त्या उठल्या.

"थांबा माई. एक मिनिट."

"चालू केलंस ना?"

"हो. पण आधी रिकामी खोली घ्यायची असते."

"म्हणजे आत कुणी नाही आणि ते चालू आहे?"

"एकच मिनिट."

माई खाली बसल्या नाहीत. "अनघा, जातं रिकामं फिरवत नाहीत. दाणे संपले की हात काढून घ्यायचा."

"माई, हे जातं नाही."

"दळायच्याच ओव्या घालणार आहेस ना त्यात?"

"रिकामं फिरवलं तर काय होतं?" मी विचारलं. कुतूहल होतं, तेवढंच. शिवाय मिनिट भरायचं होतं.

"दगडावर दगड घासतो, पिठात कच येते, असं बाकीचे सांगायचे. आई वेगळं सांगायची. रिकामं फिरवलं की ते दळायला दुसरं काहीतरी शोधतं, म्हणायची."

मिनिट झालं. आम्ही आत गेलो. माईंनी पहिल्या दोन ओव्या म्हटल्या. आवाज खरखरीत होता पण सूर पक्का होता, आणि उजवा हात मांडीवर गोल फिरत होता. हात कपड्याला घासतो आणि त्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून मी तो थांबवायला सांगितला. त्यांना ते जमलं नाही.

डॉक्टरांनी घशाला ताण द्यायला मनाई केली होती. म्हणून रोज दोनच ओव्या घ्यायच्या, शनिवार-रविवारी सुट्टी. या हिशेबाने बावीस ओव्या अकरा दिवसांत, विमानाच्या आधी, आरामात होत होत्या. मी वहीत तक्ता आखला — दिवस, वेळ, ओवीचा क्रमांक, आवाजाची पातळी, शेरा. पहिल्या रकान्यात रोज 'रिकामी खोली, १:०४'.

गुरुवारी पाचवी ओवी होती. कागदावर पुढे लिहिलं होतं, 'उंबऱ्याशी माझ्या'. माईंनी कागद पाहिला. चष्मा काढला, पुसला, परत पाहिला.

"अक्षर माझंच आहे," त्या म्हणाल्या.

"मग?"

"पुढे काही नाही."

"आठवा सावकाश."

"अगं विसरलं की कळतं ना, काहीतरी विसरलंय. जिभेवर असतं. हे तसं नाही. इथे काही नव्हतंच."

मी शेऱ्यात लिहिलं, 'आठवली नाही. नंतर घेणे.' सदुसष्ट वर्षांची बाई, मोठं ऑपरेशन समोर, परका देश. कारणं पुरेशी होती. सहावी त्यांनी न अडखळता म्हटली. शुक्रवारी आठवी गेली. पुढच्या मंगळवारी अकरावी. तोपर्यंत यादीत बारापर्यंत पोचलो होतो — नऊ रेकॉर्ड झाल्या होत्या, तीन आठवल्या नव्हत्या.

त्या रात्री माईंचा घसा सुजला. बुधवारी श्रीरंगने सुट्टी घेतली आणि माइन्झच्या एका रुग्णालयात कसाबसा टर्मिन मिळवला. दोघं साडेबाराच्या एस-बाननं गेले. सईला सर्दी होती म्हणून ती घरीच होती.

त्या दिवशी ओव्या होणार नव्हत्या, तेव्हा रिकामी खोली घेण्याची गरज नव्हती. पण माईंच्या आवाजामागे एक बारीक गुणगुण येत होती आणि केदारने सांगितलं होतं की घरात शक्य तितकं कुणी नसताना एक मिनिट घ्या, म्हणजे ती कशाची ते शोधता येईल. मी फ्रीज बंद केला, किल्ली आत ठेवली. एक चारला रेकॉर्डिंग चालू केलं, दार लावलं आणि पॅसेजमध्ये उभी राहिले. सई तिथेच जमिनीवर चित्र रंगवत बसली होती.

"शूऽऽ, एक मिनिट," मी म्हटलं.

तिने मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "आजी ज़िंग्ट दोख शोन," ती हळूच म्हणाली. आजी तर आधीच गातेय.

"आजी डॉक्टरकडे गेलीये ना बाबाबरोबर."

सईने खांदे उडवले आणि हिरवा खडू उचलला. मला स्वतःला काही ऐकू आलं नाही. पाच वर्षांच्या मुलीचं बोलणं मी पुरावा म्हणून धरत नाही. वहीत त्या वेळेपुढे ते लिहिलेलं आहे, म्हणून इथे दिलं.

त्याच संध्याकाळी मी पहिल्यांदा ओव्या स्वच्छ करायला बसले. केदारने सांगितलं होतं तसं सॉफ्टवेअरला पहिल्या दिवशीचं रिकामं मिनिट दाखवलं आणि पहिल्या दिवशीच्या दोन ओव्यांमधून वजा करायला सांगितलं. पट्टी सरकत शेवटाला गेली. मी हेडफोन लावले.

माईंचा आवाज गेला होता. रेडिएटरची टिकटिक होती, कपड्याला घासणारा हात होता, खुर्चीची करकर होती. जी घाण निघून जायला हवी होती ती सगळी जागेवर होती. ओव्या नव्हत्या.

मूळ फाइलची प्रत होती, त्यामुळे नुकसान काही झालं नाही. मी केदारला फोन केला.

"उलटं सिलेक्ट केलंत वहिनी. गाणं दाखवलंत घाण म्हणून. पहिल्यांदा सगळ्यांचं होतं."

"दोनदा तपासलंय. फाइलची वेळ माझ्या वहीशी जुळते."

"पाठवा मला. सगळी मिनिटं पाठवा, आजचंसुद्धा."

सात मिनिटं होती. सहा सत्रांची सहा आणि बुधवारचं सातवं. ती रात्रभर अपलोड होत राहिली.

शुक्रवारी दुपारी केदारचा फोन आला. त्याने नमस्कार वगैरे काही म्हटलं नाही.

"वहिनी, रिकाम्या खोलीत कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

"सातही वेळा?"

"सातही वेळा."

"तुम्ही नुसतं ऐकलंत तर काही कळणार नाही. मी आवाज खूप वर ओढला, गुणगुण काढून टाकली. मग..." तो थांबला. "माई गातायत. प्रत्येक मिनिटात एक. मला मराठी कळतं हो, मला भास होत नाहीये. शब्द सांगू?"

त्याने सात ओव्यांचे पहिले शब्द सांगितले. मी ते लिहून घेतले आणि माईंचा कागद शेजारी ठेवला. पाच, आठ आणि अकरा — माईंना न आठवलेल्या तीन. आणि चौदा, सोळा, सतरा, वीस. या चारपर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो. त्या घरात कुणी म्हटल्या नव्हत्या. तो कागद केदारने कधी पाहिला नव्हता.

एक एक शक्यता आम्ही तपासली. जुन्या रेकॉर्डिंगचे अवशेष असतील — हार्डडिस्क महिन्यापूर्वी नवी बसवली होती आणि तिच्यावर माईंचा आवाज त्याआधी नव्हता. केबल रेडिओ पकडत असेल — केदार म्हणाला, वाईट केबल पकडते कधी कधी, पण हेसनमध्ये दुपारी एकला जात्यावरच्या ओव्या कोणतं स्टेशन लावतं? माई स्वयंपाकघरात नकळत गुणगुणत असतील — सहा दिवसांबाबत मी ते मान्य केलं असतं, मी समोर बसलेली असूनही. पण बुधवारी माई माइन्झला होत्या. रुग्णालयाच्या नोंदणीच्या चिठ्ठीवर बाराचे अठ्ठावन्न छापलेले आहेत. ती चिठ्ठी माझ्याकडे आहे.

आणखी दोन गोष्टी केदारने त्या फोनमध्ये सांगितल्या. एक, तो आवाज माईंसारखा आहे पण त्यात खरखर अजिबात नाही. दोन, काढून टाकलेली गुणगुण विजेची वाटत होती, पण विजेची गुणगुण सरळ असते. ही दर दोन-अडीच सेकंदांनी थोडी चढत होती आणि उतरत होती. "लॅपटॉपचा पंखा असेल," तो म्हणाला.

संध्याकाळी श्रीरंग आला तेव्हा मी त्याला सांगितलं. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बास. उद्या ते सामान परत पाठव. माईला एक अक्षर सांगायचं नाही."

"अजून दहा ओव्या राहिल्यात."

"राहू देत! आईचं ऑपरेशन आहे महिन्याने, अनघा. तू तिला हे ऐकवणार आहेस?"

दार उघडलं. माई उभ्या होत्या. आवाज आता कुजबुजण्याएवढाच राहिला होता.

"रिकामं चालवलंस ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो माई."

"किती वेळा?"

"सात."

त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी तो टेबलावर पसरला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत खाली गेल्या. काही ओळींवर बोट थांबलं नाही, काहींवर थांबलं. मी त्यांना क्रमांक सांगितलेले नव्हते. बोट पाच, आठ, अकरा, चौदा, सोळा, सतरा आणि वीस या आकड्यांवर थांबलं.

"या माझ्याकडे नाहीत," त्या म्हणाल्या.

"माई, तू झोप बरं आता," श्रीरंग म्हणाला.

"झोपते रे. दळण अर्धं टाकून कुणी उठतं का? राहिल्यात सहा. सोमवारपासून घ्या." मग माझ्याकडे वळून, "आता मी सांगते तसं करायचं. आधी मी बसेन, मग चालू कर. मी उठायच्या आधी बंद कर."

सोमवार, मंगळवार, बुधवार. मी तसंच केलं. रोज दोन. वहीत त्या तीन दिवसांच्या पहिल्या रकान्यात रेघ आहे. सहाच्या सहा ओव्या माईंना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत आठवल्या. बाविसाव्या ओवीला आवाज दोनदा तुटला. मी परत घेऊ का विचारलं. त्यांनी नको अशी मान हलवली, आणि मी बटण दाबल्यावरच खुर्चीतून उठल्या.

शनिवारी त्या पुण्याला गेल्या. पंधरा ओव्यांची सीडी मी स्वच्छ न करताच केली. रेडिएटर आणि मांडीवरचा हात त्यात तसाच आहे. सईला मे महिन्यापर्यंत तीन पाठ झाल्या होत्या. 'र' ती जर्मन मुलांसारखा घशातून काढायची.

एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं. केदारने ती सात मिनिटं त्याच्या संस्थेतल्या एका सहकाऱ्याला दाखवली, भाषा न सांगता. त्याने लिहून दिलं की रेकॉर्डिंगमध्ये फेरफार दिसत नाही, आणि गाणारी व्यक्ती माइकपासून किती लांब होती ते काढता येत नाही. याहून पुढे कुणी काही सांगू शकलं नाही. मलाही सांगता येत नाही.

मे महिन्यात मी सईला घेऊन पुण्याला गेले. माई कोथरूडच्या घरी होत्या. गळ्यावर पांढरी पट्टी होती आणि मांडीवर एक दगडी पाटी. कागद वाया जातो म्हणून त्यांनी पाटी मागवली होती. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सई त्यांना तिची पाठ झालेली ओवी म्हणून दाखवत होती. माईंचा हात मांडीवर फिरत होता. ओवी संपल्यावर त्यांनी सईच्या डोक्यावरून हात फिरवला, पाटी घेतली आणि मला दाखवली.

'त्या सात ऐकव.'

मी श्रीरंगला फोन करणार होते. माईंनी त्याच ओळीखाली रेघ मारली.

मी सईला शेजारी पाठवलं. लॅपटॉप आणला. तेच कान झाकणारे हेडफोन होते. केदारने गुणगुण काढलेली प्रत सीडीवर होती आणि ती मी र्युसेल्सहाइमला विसरले होते. म्हणून मूळ फाइल लावली, बुधवारची, फक्त आवाज वर ओढून. दुपारचा एक वाजून गेला होता.

माईंनी डोळे मिटले. साधारण पंधरा सेकंद त्या हलल्या नाहीत. मग डोळे न उघडता त्यांनी पाटीवर लिहिलं. अक्षर वाकडं आहे.

'आई.'

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. आता त्या गाणं ऐकत नव्हत्या, त्याच्या खालचं काहीतरी ऐकत होत्या. मान तिरकी झाली होती, आणि मांडीवर फिरणारा हात थांबला होता. त्यांनी पाटी पुसली आणि भराभर लिहिलं.

'जातं रिकामं आहे. बंद कर.'

मी फाइल थांबवली. काउंटरवर अठ्ठेचाळीस सेकंद झाले होते. मग लॅपटॉप बंद केला, स्क्रीन काळी होईपर्यंत बटण दाबून धरलं. हेडफोनची पिन ओढून काढली आणि हातात घेतली.

माईंनी हेडफोन काढले नव्हते. त्यांनी पाटी पुसली, लिहिली आणि माझ्याकडे वळवली.

'अजून फिरतंय.'

तेव्हा एक वाजून नऊ मिनिटं झाली होती.